ॲडलस्ट्रॉप : एक स्टेशन आणि एक कवी

इंग्लंडच्या नकाशावर ॲडलस्ट्रॉप हे नाव शोधायचे तर भिंग हाती घेऊनच बसावे लागते. ऑक्सफर्डच्या वायव्येला ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे. त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उतारावर, इव्हनलोड नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. मधाच्या रंगाच्या दगडांची थोडी घरे, सेंट मेरी मॅग्डलीनचे जुने चर्च, एक मोठा वाडा आणि त्याच्याभोवतीचे उद्यान, एवढाच त्याचा पसारा. वस्ती दोनशेचीही नाही. चर्चच्या छायेत वसलेल्या अशा गावाला तिकडे पॅरिश म्हणतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे जसे गाव, तसे तिकडे पॅरिशचे गाव.

असे असूनही इंग्रजी कविता वाचणाऱ्या असंख्य माणसांना हे नाव तोंडपाठ आहे. त्याला कारण एक आगगाडी. ती एका दुपारी गावाच्या स्टेशनावर थांबली. कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही, आणि गाडी पुढे गेली. गाडीत बसलेल्या एका प्रवाशाजवळ टिपणवही होती. त्या प्रवाशाचे नाव एडवर्ड थॉमस.

त्याची ती कविता मी प्रथम वाचली ती एका जाडजूड संग्रहात, अभ्यासक्रमाला नेमलेल्या पानांच्या पलीकडे. कविता अवघ्या सोळा ओळींची. तीत काही घडत नाही. कोणी प्रेम करत नाही, कोणी मरत नाही, उपदेश तर नाहीच. तरीही पुस्तक मिटल्यावर ती कानात राहिली. मग ज्याला एवढे थोडे सांगून थांबता आले तो माणूस होता तरी कोण, याचा शोध घेत गेले. हाती आलेली हकीकत आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावी अशी वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

थॉमसकडे वळण्यापूर्वी त्या लोहमार्गाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याच्याशिवाय कविताही नाही. ऑक्सफर्डहून वुस्टरमार्गे वुल्व्हरहॅम्टनपर्यंत जाणारा मार्ग बांधण्यासाठी एक स्वतंत्र कंपनी निघाली होती. तिचा कारभार इतका रडतखडत चाले की तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोकांनी तिला जुनी आणि दिवसेंदिवस बिघडत जाणारी असे टोपणनाव दिले होते. प्रसिद्ध अभियंता इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल हा तिचा मुख्य अभियंता. ॲडलस्ट्रॉपच्या वायव्येला चिपिंग कॅम्डनजवळ बोगदा खणायचे काम चालले असता पैशावरून कंत्राटदाराशी तंटा झाला, काम अडले आणि जुलै १८५१ मध्ये ब्रुनेलने मजुरांची फौजच नेऊन बोगद्याचा ताबा घेतला. दोन्हीकडचे मजूर फावडी-कुदळी घेऊन एकमेकांवर धावले, न्यायाधीशांना जमावबंदीचा हुकूम वाचून दाखवावा लागला, काहींची हाडे मोडली. इंग्लंडमध्ये खाजगी सैन्यांची अशी लढाई पुन्हा झाली नाही असे म्हणतात. पुढे ज्या मार्गावरच्या शांततेवर कविता व्हायची होती, त्याचा जन्म असा मारामारीत झाला, हे मला मोठे गमतीचे वाटते.

४ जून १८५३ रोजी ऑक्सफर्डकडून इव्हशॅमपर्यंतचा भाग रहदारीस खुला झाला आणि ॲडलस्ट्रॉपला स्टेशन मिळाले. तारीख पाहताच आपल्याला दुसरी तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे ठाणेकरांनी आगगाडी पाहिली त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी ती ॲडलस्ट्रॉपच्या शेतकऱ्यांच्या दारात आली. विलायतेत सगळे आधी आणि आपल्याकडे सगळे मागाहून, हा समज निदान या एका गावापुरता खरा नाही. स्टेशन गावापासून सुमारे मैलभर दूर होते. जवळच स्टो-ऑन-द-वोल्ड हे बाजाराचे गाव असल्याने सुरुवातीला त्याचेही नाव स्टेशनच्या नावाला जोडलेले होते. ते पुढे गळले आणि ॲडलस्ट्रॉप एवढेच उरले. कंपनीही टिकली नाही. १८६३ मध्ये तो सारा मार्ग ग्रेट वेस्टर्न रेल्वेत विलीन झाला.

या पॅरिशला रेल्वेपूर्वीचाही थोडा इतिहास आहे. कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या आईचे चुलतभाऊ रेव्हरंड थॉमस ली येथे धर्मोपदेशक होते आणि जेन त्यांच्याकडे पाहुणी म्हणून येऊन राहिली होती. शेजारचे गाव डेल्सफर्ड. तेथे वॉरन हेस्टिंग्जचा वाडा आहे. ज्याच्या कारकिर्दीत पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तोच हा हेस्टिंग्ज. बंगालचे गव्हर्नर जनरलपद सोडून मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या घराण्याची ही गेलेली जमीन परत विकत घेतली. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, तो तेथेच वारला. त्याचे दफनही डेल्सफर्डच्या चर्चपाशी झाले. असो. हा विषय इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवून मी कवीकडे वळते.

एडवर्ड थॉमसचा जन्म ३ मार्च १८७८ रोजी लंडनच्या लॅम्बेथ भागात झाला. आईवडील दोघेही वेल्श. वडील फिलिप हेन्री थॉमस हे बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्यात कारकून होते. देशातील रेल्वेंवर देखरेख ठेवण्याचे काम त्या काळी याच बोर्डाकडे असे. आजोबा तर रेल्वेचेच चाकर. स्विंडन येथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना होता, तेथे ते फिटर होते. लहानगा एडवर्ड सुटीत लंडनहून स्विंडनला आजीकडे जाई. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारे ते गाव आणि त्याच्या वेशीबाहेर लगेच सुरू होणारी कुरणे, दोन्ही त्याच्या मनात शिरली. तेथे डेव्हिड उझेल नावाच्या एका म्हाताऱ्या रानगड्याशी त्याची दोस्ती झाली. चोरून शिकार करण्यात हा म्हातारा पटाईत होता. मासे कसे धरावेत, कोणते झाड कशाला उपयोगी, कोणता पक्षी कोठे घरटे करतो, हे सगळे या गुरूने शिकवले. मुलाने नागरी सेवेच्या परीक्षा देऊन चांगली नोकरी धरावी अशी वडिलांची इच्छा. मुलगा मात्र वह्यांमध्ये फुलांच्या आणि पाखरांच्या नोंदी करत बसे. या दोघांचे आयुष्यभर पटले नाही.

१८९७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याचे रानावनावरचे पहिले पुस्तक छापून आले. त्याला प्रोत्साहन देणारे साहित्यिक जेम्स ॲशक्रॉफ्ट नोबल आदल्या वर्षीच वारले होते. त्यांची मुलगी हेलन हिच्यावर त्याचे मन जडले. ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात इतिहासाचा अभ्यास चालू असतानाच १८९९ मध्ये दोघांनी लग्न केले, तेही नोंदणी कचेरीत जाऊन. जानेवारी १९०० मध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी पदवी मिळाली, दुसऱ्या वर्गाची. हाती कलाशाखेची पदवी, घरी बायको आणि तान्हे मूल, वडिलांशी बेबनाव, आणि लेखणीशिवाय दुसरे साधन न वापरण्याचा निर्धार. आपल्यापैकी पुष्कळांना हे चित्र फारसे परके वाटू नये.

पुढची चौदा वर्षे त्याने जे केले त्याला ओझी वाहणे एवढेच म्हणता येईल. वर्तमानपत्रांसाठी पुस्तक-परीक्षणे लिहायची. कधीकधी आठवड्याला पंधरापर्यंत पुस्तके परीक्षणाला येत. प्रकाशक सांगेल त्या विषयावर पुस्तक लिहायचे : ऑक्सफर्ड, वेल्स, इंग्लंडचा दक्षिण भाग, जुने रस्ते, लेखकांची चरित्रे. एक पुस्तक पुरे होण्याआधी दुसऱ्याची मुदत दारात उभी. या ढिगात काही खरोखर उत्तम आहे. स्विंडनजवळच जन्मलेल्या रिचर्ड जेफरीज या निसर्गलेखकाचे त्याने लिहिलेले १९०९ चे चरित्र आजही वाचले जाते. कवितेचा परीक्षक म्हणून तर त्याचा दबदबा होता. नव्या कवीला चार ओळींत उचलून धरावे ते थॉमसनेच. स्वतः मात्र तो कविता लिहीत नव्हता. आपण भाडोत्री लेखक आहोत, आपली लेखणी कामाखाली घासून गेली आहे, हे शल्य त्याला सतत टोचत राही.

या टोचणीने त्याला आजारी केले. उदासीनतेचे झटके येत. तो दिवसेंदिवस अबोल राही, नाहीतर बायकोवर आणि मुलांवर चिडे, आणि मग त्या चिडण्याबद्दल स्वतःला दोष देई. आत्महत्येचे विचारही मनात येऊन गेले. १९११ मध्ये तर प्रकृती पार ढासळली आणि पुढे गॉडविन बेन्स या डॉक्टरकडून मनावरचे उपचार घ्यावे लागले. घरे बदलली, केंटमधून हॅम्पशायरमधल्या स्टीप या गावी बिऱ्हाड नेले. मन तेच राहिले. हेलनने हे सारे सोसले, आणि त्याच्या मृत्यूनंतर दोन पुस्तकांत मोकळेपणाने लिहिलेही. थॉमसची बाजू घेऊन लिहिणाऱ्यांनी हेलनचे ऋण नीट मोजलेले नाही असे माझे मत आहे.

या काळातली त्याची एक गोष्ट मला फार आवडते. डब्ल्यू. एच. डेव्हिस हा भटका कवी. कॅनडात चालत्या गाडीवर उडी मारून चढताना त्याचा पाय चाकाखाली गेला होता. थॉमसची स्वतःची ओढाताण चालू असताना त्याने या डेव्हिसला एक झोपडीवजा घर भाड्याने घेऊन दिले, लाकडी पाय तुटला तेव्हा गावच्या सुताराकडून नवा करवून घेतला, आणि लोकांना कळून त्याला संकोच वाटू नये याचीही काळजी घेतली. स्वतःविषयी इतका कठोर असणारा माणूस दुसऱ्याविषयी असा होता.

ऑक्टोबर १९१३ मध्ये लंडनला त्याची रॉबर्ट फ्रॉस्टशी गाठ पडली. अमेरिकेतला हा कवी तेव्हा चाळिशीला टेकलेला, स्वदेशात कोणी विचारत नाही म्हणून कुटुंब घेऊन इंग्लंडला आलेला. दोघांचे असे जुळले की पाहणाऱ्यांना नवल वाटावे. फ्रॉस्टने पुढच्या वर्षी ग्लॉस्टरशायरच्या सीमेवर लेडबरीजवळ एक घर घेतले. तेथील रानवाटांनी दोघे मैलोन्मैल चालत आणि कवितेविषयी बोलत. फ्रॉस्टचे म्हणणे साधे होते : तू इतकी वर्षे गद्याच्या नावाखाली कविताच लिहीत आला आहेस, आता ती कवितेच्या चालीत लिही. लंडनहून सायकलने वसंताच्या मागावर केलेल्या प्रवासाचे थॉमसचे एक पुस्तक होते. त्यातले परिच्छेद काढून फ्रॉस्टने त्याच्यापुढे ठेवले. छत्तीस वर्षांच्या माणसाला असे सांगणारा मित्र मिळणे ही भाग्याचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

याच फ्रॉस्टला भेटायला थॉमस आणि हेलन २४ जून १९१४ रोजी लंडनहून लेडबरीला निघाले. बुधवार होता. गाडी ऑक्सफर्ड ओलांडून इव्हनलोडच्या खोऱ्यात शिरली आणि पाऊण वाजता ॲडलस्ट्रॉपला थांबली. थॉमसने खिशातली वही काढून नोंद केली. विलो झाडांआडून ब्लॅकबर्ड पक्ष्यांचे एकामागून एक येणारे गाणे, एक थ्रश, माणूस कोठेही नाही, इंजिनातून वाफ सुटल्याचा फुसकारा. ब्लॅकबर्ड म्हणजे आपल्या कस्तुराच्या जातकुळीतला काळा, गोड गळ्याचा पक्षी. गाडी सुटली. पुढे चिपिंग कॅम्डनच्या बाहेर ती पुन्हा उभी राहिली. त्याने पुन्हा लिहिले : उंच गवताचे काठ, विलोहर्ब आणि मेडोस्वीट ही रानफुले, आणि धावण्याच्या दोन आवाजांमध्ये पसरलेली विलक्षण शांतता. अशा त्याच्या टिपणवह्या आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते. कवितेत ही दोन स्टेशने एक झाली आहेत. पक्षी ॲडलस्ट्रॉपचे आणि रानफुले कॅम्डनच्या वाटेवरची, दोन्ही एकाच फलाटाशेजारी येऊन बसली आहेत. म्हणजे जी कविता क्षणात टिपलेल्या छायाचित्रासारखी वाटते, ती खरे तर जुळवलेली, निवडलेली, वगळलेली आहे. सोबत बसलेली हेलनही तीत नाही. कवीला आठवते ते सगळेच त्याच ठिकाणी घडलेले नसते. हे समजल्यावर माझ्या मनात त्या कवितेची किंमत वाढली. आणि कॅम्डन हे नाव मागे टाकून त्याने ॲडलस्ट्रॉपच का निवडले असेल? कॅम्डनला काही अर्थ आहे, इतिहास आहे, बाजारपेठ आहे. ॲडलस्ट्रॉप हे नाव कानाला ओबडधोबड लागते आणि लंडनच्या माणसाला त्याचा काही अर्थबोध होत नाही. पाटीवरचे नुसते नाव, आणि त्या नावाखाली कोणी नाही. कवितेला हवे होते ते हेच, असा माझा तर्क आहे.

त्या दुपारनंतर चार दिवसांनी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरले तेव्हा थॉमसचे कुटुंब फ्रॉस्टच्या शेजारीच सुटी घालवत होते. युद्धाने पुस्तकांचा बाजार बसला, परीक्षणांचे काम आटले. आणि काम आटल्यावर कविता आली. डिसेंबर १९१४ च्या पहिल्या आठवड्यात त्याने पहिली कविता लिहिली आणि मग धरणाचे दार उघडावे तसे झाले. जानेवारीच्या आरंभी त्याचा घोटा मुरगळला. रोज वीस-वीस मैल चालणारा माणूस खुर्चीला खिळला. त्या सक्तीच्या विश्रांतीत, ८ जानेवारी १९१५ रोजी, त्याने जुन्या वहीतली ती दुपार काढली आणि सोळा ओळी लिहिल्या.

पुष्कळ संग्रहांत ही कविता निसर्गकविता म्हणून छापतात, आणि थॉमसला मात्र युद्धकवींच्या रांगेत बसवतात. मला दोन्ही वर्गवाऱ्या अपुऱ्या वाटतात. कविता लिहिली गेली त्या हिवाळ्यात इंग्लंडची स्टेशने ओस नव्हती. फलाटाफलाटावर सैनिक आणि त्यांना निरोप द्यायला आलेली माणसे दाटली होती. रिकाम्या फलाटाची ती आठवण अशा वेळी कागदावर उतरली. कवितेत युद्धाचा एक शब्द नाही, पण कोणी आले नाही आणि कोणी गेले नाही, हे १९१५ मध्ये लिहिताना लिहिणाऱ्याला काय वाटले असेल हे ज्याचे त्याने ओळखावे. शेवटी एका पाखराच्या आवाजाला दोन परगण्यांतली पाखरे साथ देतात, आणि गाडीच्या डब्यातला माणूस तेवढा वेळ सगळा मुलूख ऐकतो.

कविता छापायला मात्र कोणी राजी होईना. परीक्षक म्हणून आपले नाव आड येऊ नये यासाठी त्याने आजोबांच्या घराण्यातले ईस्टअवे हे नाव घेतले आणि एडवर्ड ईस्टअवे म्हणून कविता धाडल्या. त्या साभार परत आल्या. कवितेचे दुकान चालवणाऱ्या हॅरॉल्ड मन्रो या परिचितानेही नकार दिला. ज्याने कित्येकांची पुस्तके लोकांपुढे आणली, त्याची बाजू घेणारे संपादक त्याला मिळाले नाहीत. तो खचला मात्र नाही. गद्याच्या चौदा वर्षांत न लाभलेली स्वस्थता आता त्याला लाभली होती.

फ्रॉस्ट फेब्रुवारी १९१५ मध्ये अमेरिकेला परतला. थॉमसनेही यावे, शेजारी शेती करावी, लिहावे, असा त्याचा आग्रह. जावे की सैन्यात भरती व्हावे? थॉमसचा स्वभावच दोलायमान. फिरायला निघाल्यावर एक वाट धरली की दुसरी अधिक चांगली असती म्हणून हळहळायचा. फ्रॉस्टने याची थट्टा म्हणून न घेतलेल्या वाटेवरची ती प्रसिद्ध कविता रचून पाठवली. आज ती जगभर मोठ्या गंभीरपणे वाचतात. थॉमसनेही ती थट्टा म्हणून घेतली नाही. जुलै १९१५ मध्ये तो भरती झाला. तेव्हा सक्ती नव्हती. सदतिसाव्या वर्षी तीन मुलांच्या बापाला कोणी बोलावलेही नव्हते. जर्मनांचा द्वेष त्याला जमत नव्हता आणि वर्तमानी देशभक्तीची त्याला शिसारी होती. यावरून वडिलांशी कडाक्याचे भांडणही झाले. मग लढायचे कशासाठी, असे एलिनॉर फार्जन या मैत्रिणीने विचारले तेव्हा त्याने वाकून चिमूटभर माती उचलली आणि ती बोटांतून सांडू दिली.

छावणीत त्याला नकाशावाचन शिकवण्याचे काम मिळाले. जन्मभर पायवाटा तुडवलेल्या माणसाला ते साजेसेच होते. तेथेच सुरक्षित राहता आले असते. पण तोफखान्यात अधिकारी होऊन आघाडीवर जाण्याची त्याने स्वतः मागणी केली आणि जानेवारी १९१७ च्या अखेरीस तो फ्रान्सला पोचला. मार्चमध्ये एका वार्षिक संग्रहात ईस्टअवेच्या अठरा कविता निघाल्या.  ९ एप्रिल १९१७, ईस्टरनंतरचा सोमवार, अरासच्या लढाईचा पहिला दिवस. निरीक्षणाच्या ठाण्यावर असताना तो मारला गेला. वय एकोणचाळीस. जवळून गेलेल्या तोफगोळ्याच्या हवेनेच हृदय थांबले, अंगावर ओरखडाही नव्हता, अशी कथा अनेक वर्षे सांगितली जाई. पुढे त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र उजेडात आले, त्यावरून गोळा छातीतून आरपार गेला होता असे कळते. घरच्यांना थोडा धीर यावा म्हणून ती सौम्य कथा रुजली असावी. अरासजवळ आन्यी येथील लष्करी दफनभूमीत त्याला पुरले आहे.

ॲडलस्ट्रॉपची कविता न्यू स्टेट्समन या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली ती २८ एप्रिलला, मृत्यूनंतर एकोणीस दिवसांनी. त्याच वर्षी फ्रॉस्टला अर्पण केलेला संग्रह निघाला. दोन वर्षे आणि थोडे महिने एवढ्या अवधीत त्याने लिहिलेल्या कविता दीडशेच्या आतच आहेत. गद्याचे हजारो पानांचे ओझे एका पारड्यात आणि ह्या दुसऱ्या पारड्यात, अशी तुलना करण्याचा मोह होतो. पण ते ओझे वाहिल्याशिवाय वहीत नोंद करण्याची ती सवय त्याला लागली असती का, हा प्रश्न माझ्यापुरता तरी सुटलेला नाही.

स्टेशनाची हकीकत थोडीच राहिली. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि तोट्यात चालणारी स्टेशने नि फाटे यांवर कुऱ्हाड कोसळली. ॲडलस्ट्रॉपचे स्टेशन ३ जानेवारी १९६६ रोजी बंद झाले. इमारत पाडली, फलाट गेले. रूळ मात्र आहेत, आणि लंडन-वुस्टरच्या गाड्या त्यांवरून न थांबता धावतात. स्टेशनची मोठी पाटी गावकऱ्यांनी वाचवली आणि गावातल्या बसथांब्याच्या निवाऱ्यात लावली. तेथेच फलाटावरचे जुने बाक आहे आणि त्यावर एका धातूच्या पट्टीवर कविता कोरलेली आहे. २४ जून २०१४ रोजी, त्या दुपारला शंभर वर्षे झाली म्हणून, एक खास गाडी या मार्गावर सोडण्यात आली. जुन्या स्टेशनच्या जागी ती मुद्दाम थांबवली. उतरायला फलाट नव्हता, आणि थोड्या वेळाने गाडी पुढे निघाली.